घरचं माणूस

पडद्यावर आई भराभर म्हातारी होत होती आणि डॉ. वैजयंती इंगोले चहा तसाच ठेवून ते बघत बसली होती.

खरी आई तिकडे अकोटला होती, खाटेवर बसून सुनेला नाही ती कामं सांगत असणार. अमरावतीच्या आरोग्यमूल्यमापन केंद्रात, पडद्यावर होता तो आईचा प्रतिदेह. मनगटावरच्या नाडीपट्ट्याच्या जोरावर केंद्रातला गणक कुणाचंही आकड्यांचं शरीर उभं करायचा. खऱ्या माणसाला जे औषध द्यायचं ते आधी या शरीराला आकड्यांत द्यायचं, आणि पुढची दहा वर्षं चहा निवायच्या आत उलगडून बघायची. चुका व्हायच्या नाहीत असं नाही, पण ज्योतिषापेक्षा कितीतरी कमी व्हायच्या.

"चहाचं सरबत झालं की हो," केंद्राचे प्रमुख दिवाकर सराफ शेजारी खुर्ची ओढत म्हणाले. प्रतिदेहाचं गणित त्यांनीच बसवलं होतं. "दोन महिन्यांनी सचिवांसमोर बोलायचंय. चला, तालीम करू. मी सचिव. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"हे सोंग तुम्हाला फारच छान जमतंय, सर."

"बोला, बोला."

वैजयंतीनं पडदा थांबवला. "किडन्या निकामी झाल्या की माणसापुढे तीन वाटा. पहिली रक्तशोधन. केंद्रात जाऊन खुर्चीवर चार तास बसायचं, यंत्र रक्त धुऊन परत देतं. आठवड्यातून तीनदा. दुसरी उदरशोधन. पोटात नळी बसवलेली असते, पिशवीतलं पाणी घरच्या घरी पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं, नवीन सोडायचं. दिवसातून चार पिशव्या. तिसरी वाट, काहीच न करणं."

"ती सगळ्यात स्वस्त," सर सचिवांच्या घशातल्या आवाजात म्हणाले.

"म्हणून तर नुसता खर्च बघायचा नाही. त्या खर्चात किती सुवर्षं मिळाली ते बघायचं. एक वर्ष ठणठणीत जगलात तर एक सुवर्ष. कुंथत-कण्हत काढलंत तर अर्धं, कधी पावच. एका सुवर्षासाठी राज्याला जास्तीत जास्त किती खर्च झेपतो, ती रेघ म्हणजे उंबरठा. आत आलं ते उपचार लोकांना मिळतात, बाहेर राहिलं ते नाहीत. श्रीमंत देशांची दारं मोठी असतात. आपलं दार बुटकं. पुष्कळांना वाकूनही आत येता येत नाही."

"आणि माणूस बरा राहून कमावत असेल तर?"

"ती कमाई खर्चातून वजा होते. म्हणून कमावत्या माणसाचं औषध स्वस्त पडतं. म्हणजे, गणकाच्या लेखी."

हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती, की बोलताना जीभ कुठे अडखळलीही नाही.

निकाल पडद्यावर आला. रक्तशोधन उंबरठ्याच्या बरंच बाहेर. उदरशोधन आत, पण अगदी काठावर. वैजयंतीचा जीव भांड्यात पडला. आईला दोन वर्षांपासून सरकारी योजनेतून पिशव्या मिळत होत्या आणि ती योजना पुढे चालवायची की गुंडाळायची हे या निकालावर ठरणार होतं. पिशव्या थांबल्या तर आई फार तर तीन आठवडे काढेल, हे कळायला प्रतिदेह लागत नव्हता. आपली आई या योजनेत आहे हे तिनं वर लेखी कळवलं होतं, लपवाछपवी केली नव्हती. पण लेखी कळवल्यानं आई परकी थोडीच होते!

सर खर्चाच्या ओळी वाचत होते. पिशव्या, नळी, नर्सबाईंच्या फेऱ्या, पोटात जंतू गेले तर त्याचा उपचार. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"घरचं माणूस, शून्य. हे कसलं शून्य?"

"पिशव्या बदलणाऱ्याचं. ते घरचंच कुणीतरी करतं. त्याला पगार नसतो, म्हणून शून्य."

"तुमच्याकडे कोण करतं?"

"वहिनी," ती म्हणाली. केंद्रात निम्म्या बायका होत्या. सगळ्यांच्या हाताखालून ही ओळ गेली होती, आणि त्या शून्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ती अकोटला गेली. दार उघडं होतं, पण आतला पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. पिशवी बदलताना वाऱ्याबरोबर धूळ यायला नको म्हणून. जयमालावहिनी तोंडाला फडकं बांधून आईच्या पुढ्यात बसली होती. हात कोपरापर्यंत धुतलेले, रोज-रोज जंतुनाशकानं धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. तिनं नुसत्या डोळ्यांनीच "या ताई" केलं.

"काय वं वैजू, कवा निंगाली होती?" आई पोटातली नळी वर धरून विचारती झाली, जशी काही पाटावर बसून भाजी निवडत होती. "बस. हे पाणी उतरलं की बोलतो आपुन. जयमाले, इले च्या टाक ना."

"अहो आत्याबाई, हात गुतले ना माये. टाकतो मंग."

वैजयंतीनं स्वतःच चहा टाकला. फडताळात साखर शोधताना तिच्या हाताला गोळ्यांचं पाकीट लागलं. कंबरदुखीच्या गोळ्या, अर्धं पाकीट रिकामं.

"ह्या कोण घेतं?"

"मीच," वहिनी म्हणाली. "पिशव्यांचे खोके येतात ना महिन्याचे, लय जड रायतात. तुमच्या दादाले सकाळीच कापसाच्या जिनिंगवर जा लागते, मंग मीच उचलतो. रोज एक गोळी घेतली की कंबर चालते."

"रोज? आणि रक्तदाब कधी बघितलास?"

"मले काय धाड भरली?" वहिनी हसली. तिचे डोळे मात्र चार रात्रींचं जागरण झाल्यासारखे दिसत होते, आणि झालंही होतं. शेवटची पिशवी झोपायच्या आधी, पहिली पहाटे, मध्ये आईला दोनदा उठवायचं. पूर्वी ती शिवणवर्ग चालवायची. मशीन आता कोपऱ्यात होतं आणि त्याच्यावर पिशव्यांचे खोके रचलेले होते.

निघताना वैजयंतीनं पर्समधून एक नाडीपट्टा काढला आणि वहिनीच्या बांगड्यांच्या वर बांधला. "सरकारी हिशोबात तुझं काम शून्य धरलंय. एक महिना हा काढू नकोस. नाडी, रक्तदाब, झोप, हाताचं काम, सगळं कळतं यात."

"आता माया कामाचाही हिशोब?" वहिनीनं मनगट फिरवून बघितलं. "बाई वं! शोभून दिसते मातर."

महिन्यानं जयमालावहिनीचा प्रतिदेह तयार झाला आणि सराफसरांनी पडदा दोनदा पुसला, जणू धूळच चूक करत होती. झोप तुटलेली, रक्तदाब चढलेला, त्यात दुखण्याच्या गोळ्या. सातव्या वर्षी प्रतिदेहाच्या किडन्या बसल्या.

"हिलाच उदरशोधन लागणार," सर हळू आवाजात म्हणाले. "आणि हिच्या पिशव्या कोण लावणार?"

"हिची मुलगी," वैजयंती म्हणाली. "मग मुलीचंही हेच."

स्वस्त वाटणारी योजना घरोघर आपला पुढचा रोगी तयार करत होती, आणि शून्याच्या आड ते दिसतच नव्हतं.

"हे निकालात घातलं," सर म्हणाले, "तर उदरशोधन उंबरठ्याबाहेर. रक्तशोधन तर आधीपासूनच बाहेर. योजना पाडव्याला बंद होईल. तुमच्या आईच्या पिशव्याही."

"माहितीये."

"नाही घातलं, तर तुमची वहिनी जाईल. सावकाश."

"तेही माहितीये, सर! मला काय कळत नाही का?" ती एवढ्या जोरात ओरडली, की दारातून जाणारा शिपाई थबकला. मग तिनं डोळे पुसले आणि गणकाशी झटापट सुरू केली. आई की वहिनी असा प्रश्न कुणी विचारला तर आधी तो प्रश्नच मोडून बघायचा, एवढं तिच्या धंद्यानं तिला शिकवलं होतं.

उत्तर सापडायला आठवडा लागला. वहिनीच्या प्रतिदेहावरचा भार तिनं निम्मा केला तेव्हा नुकसान निम्मं न होता जवळजवळ नाहीसंच झालं. एका बाईनं विहिरीवरून रोज दोन खेपा केल्या तर काही होत नाही, चार केल्या तर कंबर जाते, तसंच हे. म्हणजे घरात दोन माणसांनी काम वाटून घेतलं तर आईही जगेल आणि वहिनीही, आणि सगळं उंबरठ्याच्या आत.

"दोन माणसांचा नियम!" सर टाळी वाजवून म्हणाले. "ज्या घरात दोघं पट्टे बांधून काम करतील त्याच घराला पिशव्या. दोन्ही पट्टे एकदम हलले तर काम अर्धं-अर्धं धरायचं. आणि तरीही त्यांच्यातल्या कुणाच्या किडनीवर परिणाम दिसला, तर लगेच रक्षक गोळ्या सुरू. अर्थात त्या माणसाचा उपचार उंबरठ्यात बसत असेल तर."

"अर्थात," वैजयंती म्हणाली. त्या क्षणी तिला आपल्या हुशारीचा फार अभिमान वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

नियम झाला. गावोगाव दुसरे पट्टे गेले. अकोटला दादानं, भास्करनं, आपल्या हाताला पट्टा बांधून फोटो पाठवला. आई फोनवर म्हणाली, "तुया दादा आता पिशवी लावते म्हणे!" आणि वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

वर्षभरानं राज्यातल्या सगळ्या घरांचे आकडे आले. सराफसर तर भारावूनच गेले होते. "बघा, बघा हे! दोन्ही पट्टे एकदम हलतायत. जवळजवळ प्रत्येक घरात. नवरा-बायको शेजारी शेजारी बसून पिशवी लावतायत, वैजयंतीबाई. कायद्यानं जे शंभर वर्षांत झालं नाही ते एका पट्ट्यानं केलं."

"मग प्रतिदेह का ढासळतायत?"

सरांचा चेहरा उतरला. ते त्यांनाही दिसलं होतं. भार निम्मा, पण नुकसान पूर्ण. त्यातही चमत्कारिक म्हणजे बायकांचं जेवढं, तेवढंच नवऱ्यांचं. रक्तदाब तोच, तुटलेली झोप तीच.

"सहवासानं जोडप्यांची नाडी जुळते म्हणतात," सर चाचरत म्हणाले.

वैजयंतीनं आपल्याच घरच्या दोन नाड्या एकावर एक ठेवल्या. जयमाला इंगोले. भास्कर इंगोले. दोन रेघा होत्या, पण पडद्यावर एकच दिसत होती. तिनं शेजारचं घर काढलं, मग दुसरा जिल्हा काढला. दहांपैकी आठ-नऊ घरांत तेच.

"जुळते, सर. पण एकच नसते," ती म्हणाली. "ही दोन माणसं नाहीतच. एकाच बाईच्या दोन हातांत दोन पट्टे आहेत."

सरांनी पट्ट्यात काय काय मोजायचं याचा सहा महिने काथ्याकूट केला होता. एका माणसाला दोन मनगटं असतात हे काही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"गणकाला सांगतो," ते शेवटी म्हणाले. "एकच नाडी दोन नावांवर असेल तर एक नाव खोटं. खोटं ते पुसायचं. मग ज्या घरात एकच माणूस उरेल त्यांना थोडी मुदत देऊ."

"पुसा," वैजयंती म्हणाली. कोणतं नाव खोटं हे दोघांनाही इतकं उघड होतं, की ते गणकाला सांगायला हवं असं एकालाही वाटलं नाही. ती दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीनं अकोटला निघाली.

घरी पोचली तेव्हा दुपारची पिशवी संपत आली होती. वहिनीच्या डाव्या मनगटावर हिरव्या बांगड्यांमध्ये एक पट्टा, उजव्या मनगटावर दुसरा. दोन्हींवरचे बारीक दिवे नाडीबरोबर लुकलुकत होते, अगदी एकदम. नणंदेची नजर कुठे गेली ते बघून तिनं उजवा हात पदराखाली घेतला.

"काढ तो हात, वहिनी. मला कळलंय सगळं."

"तुमाले कळलं म्हंजे सरकारले कळलं." वहिनी घाबरली होती, पण तिनं पिशवीचा चाप नीट लावला, नळीचं टोपण बसवलं, मगच तोंडावरचं फडकं सोडलं. "ह्यायले नाई जमत, ताई. दोन दिवस केलं त्यायनं. हात थरथरे, टोपण खाली पाडलं. पोटात जंतू गेले असते म्हंजे? अन् जिनिंगवर पट्टा चालत नाई. पट्टा हलला नाई तर पिशव्या बंद. मंग मी काय करू, सांगा ना!"

"मला सांगायचं होतंस."

"तुमाले?" वहिनीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमीच तर कायदा केला! शून्य लिवलं होतं तवा बरी होती मी. तवा नुसतं काम होतं. आता काम बी हाय, अन् त्यायचं सोंग बी हाय. हा हात हलवला की तो बी हलवा लागते."

वैजयंती खाटेच्या कडेवर बसली. आई भिंतीकडे बघत पडली होती, पण तिचे कान इकडेच होते.

उशाशी गोळ्यांचं नवं पाकीट होतं, सरकारी शिक्क्याचं. भास्कर इंगोले यांच्यासाठी, किडनी रक्षक.

"ह्या दादाला आल्या?"

"हाओ. त्यायच्या किडनीवर परिणाम हाय म्हणते पट्टा. त्यायले काय होते! धडधाकट हायेत ते." वहिनीनं पाकीट उचलून पदराच्या टोकाला बांधलं. "मीच खातो त्या."

"आणि तुझ्या नावानं? तुझाही पट्टा आहे."

"माया पट्ट्यावर तर अक्षरं आली होती, उपचार बसत नाई म्हून. उंबरठ्यात का कशात."

वैजयंतीच्या कानांत स्वतःचाच आवाज घुमला. कमाई खर्चातून वजा होते. म्हणून कमावत्या माणसाचं औषध स्वस्त पडतं. भास्करला जिनिंगचा पगार होता, जयमालेला नव्हता. एकच रक्त, एकच नाडी, एकच दुखणारी कंबर. उजव्या मनगटावर ती उंबरठ्याच्या आत होती आणि डाव्या मनगटावर बाहेर. तिनं खर्चाच्या ओळीतून शून्य खोडलं होतं, आणि ते कमाईच्या ओळीत जाऊन बसलेलं तिला दिसलं नव्हतं.

"तरी मी खातो म्हून बरं," वहिनी बोलतच होती. "मांगच्या गल्लीतली पुष्पा हाय ना, तिचा नवरा त्याच्या नावच्या गोळ्या त्योच खाते. सरकारनं मले देल्ल्या म्हणते. तिच्या पायाले सूज आली आता."

तेवढ्यात वहिनीच्या डाव्या मनगटावरचा दिवा विझला.

तिनं पट्ट्यावर दोनदा टिचकी मारली. "बिघडलं वाटते हे."

वैजयंतीचा फोन वाजला. पलीकडे सराफसर होते. "वैजयंतीबाई, घोटाळा झाला. मी गणकाला म्हटलं, दोनातलं एकच नाव ठेव. कोणतं ते म्हटलं नाही. त्यानं आपला नेहमीचाच नियम लावला. ज्या नावावर सुवर्ष स्वस्त पडतं ते ठेवलं आणि दुसरं पुसलं."

"कोणत्या घरांत?"

"सगळ्या."

तिनं फोनवर घरचं पान उघडलं. रुग्ण, सुभद्रा इंगोले. घरचं माणूस, भास्कर इंगोले. नाडी जलद, झोप अपुरी, आजच्या तीन पिशव्या त्यांनी एकट्यानं लावल्या. दुसरं माणूस त्वरित नोंदवावं. भास्कर त्या वेळी जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगाशी उभा असणार.

"सर, वहिनीचं नाव परत घाला. आणि भास्करचं काढा. खरं तेच ठेवा."

"तसं केलं तर सगळा भार तिच्या एकटीवर येतो. तिची कमाई शून्य. तुमचं घर मुदतीआधीच उंबरठ्याबाहेर जाईल. वैजयंतीबाई, पिशव्या थांबतील. तुमच्या आईच्या."

फोनचा आवाज मोठा होता. खोली लहान होती. वैजयंतीनं वर बघितलं तर आई उठून बसली होती.

"काय म्हणते वं तो?"

"काही नाही, आई."

"मले अडाणी समजू नको." आईनं सुनेकडे बघितलं. जयमाला त्या विझलेल्या पट्ट्याचा चाप काढून पुन्हा लावून बघत होती. "तीन वरसं झाली, इनं मले हातावर जगवलं. अन् तुमच्या त्या यंत्रात ती नाईच? घाल तिचं नाव. माया पिशव्या गेल्या तं गेल्या."

"आत्याबाई, उगी बसा," वहिनी म्हणाली. "काई बोलू नका."

"घाल म्हटलं ना, वैजू!"

वैजयंतीला रडू फुटलं. आईचं ऐकावं तर आई जाते, आणि आईचं ऐकलं नाही तर आईच कायमची नाराज होते. तिनं नाक ओढलं आणि फोनमध्ये म्हणाली, "घाला, सर."

बराच वेळ पलीकडून नुसता कळफलकाचा आवाज आला. "गणक घेत नाही माझ्याकडून. पुसलेलं नाव घरूनच नोंदवा म्हणतोय. पट्ट्यावर बोला तिथून. नाव सांगा."

वैजयंतीनं वहिनीचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. हात गरम होता आणि भेगाळलेला, आणि मनगटातली नाडी तिच्या बोटांना नीट लागत होती. तिनं विझलेल्या पट्ट्याची कळ दाबली. दिवा पिवळा झाला.

"नवीन माणसाचं पूर्ण नाव सांगा," पट्टा म्हणाला.

"जयमाला भास्कर इंगोले."

पट्ट्यानं क्षणभर वहिनीची नाडी चाचपली. मग तोच गोड, शिकवलेला आवाज आला. "ही नाडी भास्कर इंगोले यांची आहे. या घरात जयमाला नावाचं माणूस नाही. कृपया दुसरं नाव सांगा."

भिंतीवरच्या घड्याळाकडे वहिनीचं लक्ष गेलं, आणि तिनं आपला हात सोडवून घेतला. चौथ्या पिशवीच्या आधी खोके हलवायचे होते, पाणी तापवायचं होतं. उठता उठता तिनं डाव्या हातावरचा पट्टा काढून वैजयंतीच्या मांडीवर ठेवला.

"त्याले ईचारा, ताई," ती हात धुवायला मोरीकडे जात म्हणाली, "मंग आतापावतर ह्या पिशव्या कोण लावून राह्यलं होतं?"